तोंडाचे कोपरे पुन्हा पुन्हा का फाटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, बैठं काम, एरवी तब्येत ठीक. दोनेक वर्षांपासून दर काही महिन्यांनी जिवणीचे दोन्ही कोपरे लाल होतात, मग बारीक चीर पडते, जांभई देताना किंवा मोठा घास घेताना ती फाटते आणि कडेला पिवळट खपली धरते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन झाल्या, दुकानातून आणलेलं मलम लावून झालं. मलमाने आठवड्यात बरं होतं, पुन्हा काही दिवसांनी तेच. आईलाही हाच त्रास आहे आणि त्यांना पूर्ण कवळी आहे. हे एकमेकींना लागतं का, अंगात कशाची कमतरता आहे का आणि हे कायमचं जाईल का, असं विचारलं आहे.

दोन्ही बाजूंना, नेमक्या कोपऱ्यात आणि वारंवार होणाऱ्या अशा चिरांना आम्ही अँग्युलर कायलायटिस म्हणतो. तुमच्या वर्णनावरून तेच वाटतं. मलमाने बरं होतं याचा अर्थ तिथे जंतू आहेत एवढाच. ते जंतू तिथेच का रुजतात, याचं उत्तर मलम देत नाही. तुमचा खरा प्रश्न मात्र तोच आहे. चीर भरून काढणं सोपं असतं. ती पुन्हा पडू नये म्हणून कोपरा ओला का राहतो आणि तिथली त्वचा कमजोर का झाली, हे शोधावं लागतं. बहुतेक रुग्णांमध्ये याची दोन-तीन कारणं एकत्र सापडतात, म्हणून एकच कारण धरून उपचार केले की ते अर्धवट राहतात.

आधी त्या जागेबद्दल. वरचा आणि खालचा ओठ जिथे मिळतात तिथे त्वचेची एक घडी असते. एका बाजूला तोंडाच्या आतलं ओलं अस्तर, दुसऱ्या बाजूला चेहऱ्याची कोरडी त्वचा, आणि बोलताना, खाताना, हसताना ही घडी दिवसभर उघडझाप करते. शरीरात रोज अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यातला थेंबभर जरी या घडीत साचून राहिला तरी तिथली त्वचा पाण्यात बराच वेळ राहिलेल्या बोटांसारखी पांढुरकी आणि मऊ पडते. लाळेत पाचक रस असतात, ते त्या मऊ त्वचेला आणखी चुरचुरवतात. मग हवेने ती जागा सुकते, आकसते आणि पुढच्या जांभईला चिरते. चिरलेल्या जागी कॅन्डिडा ही बुरशी शिरते. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही निमूटपणे राहत असते. सोबत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू येतो. तो साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि बोटांवाटे तोंडापर्यंत पोहोचतो. कधी स्ट्रेप्टोकॉकसही असतो. पुष्कळदा बुरशी आणि जिवाणू दोन्ही एकत्र सापडतात. पिवळी, मधासारखी खपली दिसली की मला जिवाणूंचा संशय जास्त येतो. कोपरा नुसता लालभडक आणि ओलसर असेल आणि तोंडात पांढरा थर असेल, तर बुरशीचा.

आता बी-कॉम्प्लेक्स. कोपरे फाटले की ‘बी जीवनसत्त्व कमी आहे’ हे निदान घरोघरी होतं आणि त्याला चांगला आधारही आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या सेब्रेल आणि बटलर या संशोधकांनी रायबोफ्लेविन, म्हणजे बी २, अगदी कमी असलेला आहार घेणाऱ्या स्त्रियांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांच्या जिवणीच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या आणि रायबोफ्लेविन दिल्यावर त्या भरून आल्या. प्रयोग चोख होता. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की बी २ ची कमतरता झाली तर कोपरे फाटतात. कोपरे फाटले म्हणजे बी २ चीच कमतरता आहे, हे त्यातून निघत नाही. प्रौढ माणसाची बी २ ची गरज दिवसाला साधारण एक ते दीड मिलिग्रॅम असते आणि बरं जेवणाऱ्याला ती सहसा भागते. गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ती जादा आलेलं बी २ बाहेर जात असल्याची खूण. तुम्ही गोळ्यांचा कोर्स नीट पुरा केला असेल आणि काहीच फरक पडला नसेल, तर आता तोच पुन्हा करण्यात अर्थ नाही.

कमतरतांमध्ये माझा पहिला संशय लोहावर असतो. विशेषतः पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये, आणि रक्तस्राव जास्त होत असेल तर नक्कीच. इथे एक गोष्ट हमखास निसटते. लोक हिमोग्लोबिन तपासतात, ते बारा-साडेबारा निघतं आणि विषय संपतो. पण शरीर हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळतं. आधी लोहाचा साठा रिकामा होतो, आणि झपाट्याने बदलणाऱ्या पेशी, म्हणजे जिभेचं, ओठांचं, तोंडाचं अस्तर, त्याची झळ लवकर सोसतात. साठा दाखवणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. प्रयोगशाळेचा अहवाल त्याला ‘नॉर्मल’ म्हणत असला तरी फेरिटिन मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर मी साठा रिता धरतो आणि कोपरे फाटणाऱ्या रुग्णाला लोह सुरू करतो. अंगात ताप, संसर्ग किंवा कुठलीही सूज असताना मात्र फेरिटिन फसवं वाढतं, त्यामुळे ती तपासणी बरं असताना करावी. केस गळणं, चढ चढताना धाप, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं, नखं ठिसूळ होणं ही लोह कमी असल्याची सोबतची लक्षणं. गिळताना घशात अडकल्यासारखं होत असेल तर ते आवर्जून सांगा. लोहाच्या जुन्या कमतरतेत अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होऊ शकतो आणि त्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं.

लोह कमी निघालं तर गोळ्या महिनाभर घेऊन थांबू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधं यांच्यासोबत लोह नीट शोषलं जात नाही, त्यामुळे मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा. आणि लोह कशामुळे कमी झालं हा प्रश्न सोडू नका. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघालं तर पोट-आतड्यातून रक्त जातंय का, हे तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहणं मला धोक्याचं वाटतं.

बी १२ ही दुसरी कमतरता. प्राणिज पदार्थ न खाणारे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दीर्घकाळ असलेले आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेले लोक यात जास्त सापडतात. बी १२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर लगेच नव्हे, दोन-चार वर्षांनी त्रास दिसतो. जीभ गुळगुळीत, लाल, चुरचुरणारी, आणि सोबत पायांना मुंग्या येत असतील तर आधी हेच तपासा. इथे एक सावधगिरी. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून दोन्ही बघूनच औषध ठरवायचं. फॉलेट, बी ६, जस्त यांचाही संबंध असतो, पण सुरुवातीलाच सगळ्यांचा पाठलाग करायची गरज नाही.

तुमच्यासाठी मी पहिल्या फेरीत एवढंच मागेन: संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, बी १२, फॉलेट आणि एचबीए१सी. शेवटची मधुमेहासाठी. रक्तातली साखर वाढलेली असली की कॅन्डिडा फोफावते, आणि कोपरे पुन्हा पुन्हा फाटणं हे मधुमेह लक्षात येण्याचं पहिलं निमित्तही ठरू शकतं. तोंडात वारंवार पांढरा थर येत असेल, वजन घटत असेल, सतत कुठला ना कुठला संसर्ग होत असेल, तर एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. त्यात संकोच नको. लोह आणि फॉलेट दोन्ही कमी निघाले, किंवा पोट वरचेवर बिघडत असेल, तर सीलिएक किंवा क्रोन्स यांसारख्या आतड्याच्या आजारांचा विचार करावा लागतो.

रक्ताच्या अहवालाची वाट बघत असताना आरशासमोर उभ्या राहा. हे मी जवळपास प्रत्येकाला करायला लावतो, कारण निम्मं उत्तर इथेच मिळतं. चेहरा सैल सोडा, दात एकमेकांवर अलगद टेकवा आणि ओठ नुसते मिटा. कोपऱ्यापासून हनुवटीकडे खोल सुरकुती गेलेली दिसते का? कोपरे खाली झुकलेत का? तिथे ओलसर चकाकी दिसते का? दिसत असेल तर लाळ त्या घळीतून झिरपते आहे. वय वाढतं तसं हे होतंच, पण ४२ व्या वर्षी खोल घळ दिसली तर मी दातांकडे बघतो. झोपेत दात खाण्याच्या सवयीने ते झिजले असतील, मागच्या दाढा काढून जागा तशीच सोडली असेल, तर जबडा मिटताना नेहमीपेक्षा जास्त जवळ येतो आणि ओठांचे कोपरे दुमडले जातात.

मग जीभ बघा. तिच्यावर बारीक खरबरीतपणा दिसला पाहिजे. तो गेला असेल आणि जीभ काचेसारखी गुळगुळीत दिसत असेल, तर कमतरतेची शक्यता वाढते. गालाच्या आतल्या बाजूला कोपऱ्याच्या मागेच पांढरा चट्टा आहे का तेही बघा. बोटाला गुंडाळलेल्या स्वच्छ कापडाने तो पुसून पाहा. पुसून निघाला तर बहुधा बुरशीचा थर. न निघणारा पांढरा चट्टा असेल, आणि विशेषतः तंबाखूची कुठल्याही रूपात सवय असेल, तर घरी उपचार करत बसू नका. त्या जागी बुरशीमुळे होणारा एक जाड चट्टा पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो. त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो.

आणि शेवटी स्वतःवर दोन दिवस पाळत ठेवा: ओठांवरून जीभ किती वेळा फिरते? कोपरा ताणल्यासारखा वाटला की आपण नकळत तिथे जीभ लावतो. दोन मिनिटं बरं वाटतं, मग तो आणखी सुकतो, मग पुन्हा जीभ. संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्यांमध्ये, कोरड्या हवेत, नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्यांमध्ये हे चक्र फार घट्ट बसलेलं असतं. घरातल्या माणसाला सांगा, ‘मी चाटताना दिसले की टोक.’ याहून स्वस्त तपासणी माझ्याकडे नाही. झोपेत लाळ गळत असेल आणि सकाळी उशी ओली सापडत असेल, तर रात्री झोपताना कोपऱ्यांवर पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर लावा.

याच्या उलट, तोंड फार कोरडं पडणंही कारण असतं. लाळ कमी झाली की तोंडातल्या बुरशीवरचा धाक कमी होतो. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्याची काही औषधं, लघवी वाढवणारी औषधं यांनी लाळ आटते. डोळेही कोरडे, रेती गेल्यासारखे वाटत असतील तर श्योग्रेन सिंड्रोमची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते त्या आजाराची, तपासणी करावी लागते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्यांचे ओठ तर जवळपास सर्वांचे फुटतात. तिथे दुसरं कारण शोधायच्या आधी औषधाचं नाव विचारावं. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेत असाल तर पंपानंतर पाण्याने खळखळून चूळ भरा आणि थुंका.

ॲलर्जीबद्दल थोडंसं. लिपस्टिक, लिप बाम, तीव्र चवीची टूथपेस्ट, विशेषतः दालचिनीचा स्वाद असलेली, कोपऱ्यांना झोंबू शकते. गंमत म्हणजे बरं व्हावं म्हणून लावलेल्या बाममधलं लॅनोलिन किंवा प्रोपोलिस आणि मलमातलं निओमायसिन यांचीच ॲलर्जी होऊ शकते. सहसा मग संपूर्ण ओठ खवलेदार होतो, नुसते कोपरे नाहीत. शंका असेल तर महिनाभर ओठांना साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीखेरीज काहीही लावू नका आणि फेस कमी, चव सौम्य अशी टूथपेस्ट वापरा. तरीही उलगडा झाला नाही तर पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीच्या त्वचेवर चिकटवून ॲलर्जी बघण्याची तपासणी, करून घेता येते.

आता मलमाकडे येतो. तुम्ही त्याचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे मला काळजी आहे. दुकानातून मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे लाली दोन-तीन दिवसांत जाते, म्हणून ते चांगलं वाटतं. पण चेहऱ्यावर वारंवार लावलं की त्वचा पातळ होते, थांबवलं की लाली जोरात परत येते, आणि तोंडाभोवती बारीक पुटकुळ्यांचा पट्टा उठतो. त्यात ओठाच्या कडेला लागून एक बारीक स्वच्छ रेघ सुटलेली दिसते, ही त्याची ओळख. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर ती कोपऱ्यांसाठी वापरणं थांबवा. दोन वर्षं ‘पुन्हा तेच’ होण्यामागे मलमाचाही हात असू शकतो.

मी साधारण असं करतो. बुरशीवर मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोलचं क्रीम, दिवसातून दोन-तीन वेळा. मायकोनाझोलचा फायदा असा, की ते स्टॅफिलोकॉकससारख्या काही जिवाणूंवरही थोडं चालतं, त्यामुळे दोन्ही शक्यता असताना ते सोयीचं. लाली आणि आग फार असेल तर पहिले चार-पाच दिवस १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सोबत, त्यापुढे नाही. मधासारखी खपली असेल तर फ्युसिडिक ॲसिड किंवा म्युपिरोसिन आठवडाभर. चूक होते ती थांबण्याच्या वेळी. चीर मिटली की ट्यूब कपाटात जाते. बुरशीचं औषध जागा बरी दिसायला लागल्यानंतरही आणखी आठवडाभर लावायचं असतं. नाहीतर उरलेली बुरशी पुढच्या ओल्या दिवसाची वाट बघत बसते. लावायच्या आधी कोपरा कोमट पाण्याने ओला करून खपली मऊ करा, टिपून कोरडा करा, मगच पातळ थर लावा. खपलीवर चोपडलेलं मलम खाली पोहोचत नाही.

इथे एक इशारा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्याने मायकोनाझोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, तोंडात लावायची जेल तर नाहीच. त्याने वॉरफेरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णांत मी निस्टॅटिन हे बुरशीचं दुसरं औषध देतो, ते जवळपास शोषलंच जात नाही. आईंच्या गोळ्यांची यादी एकदा या नजरेने तपासा.

दोन आठवडे औषध नीट लावूनही फरक नसेल तर औषध बदलत बसण्यापेक्षा कोपऱ्याचा आणि दोन्ही नाकपुड्यांचा स्वॅब पाठवावा. नाकात स्टॅफिलोकॉकस सापडला आणि कोपऱ्यातही तोच असेल, तर नाकपुड्यांत म्युपिरोसिनचं मलम पाच दिवस लावल्याने परत परत येणारं हे दुखणं थांबलेलं मी पाहिलं आहे. नाकात बोट घालायची सवय असेल तर तीही सोडावी लागते, हे सांगताना रुग्ण हसतात, पण रस्ता तोच आहे.

आईंचं प्रकरण वेगळं आहे, आणि मला ते जास्त सोपं वाटतं. पूर्ण कवळी असलेल्या माणसाचे कोपरे फाटत असतील तर आधी कवळी बघायची. दात काढल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, खालचं वरच्याहून जास्त. कवळी मात्र तेवढीच राहते, उलट तिचे दातही घासून बुटके होतात. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. कवळीची उंची कमी झाली की ती फट वाढते आणि तोंड मिटताना खालचा जबडा जास्त वर येतो. नाक आणि हनुवटीतलं अंतर कमी दिसायला लागतं, गाल आत जातात, कोपऱ्यात घळ पडते आणि तिथे लाळ साचते. अशा वेळी जगातलं कुठलंही मलम कायमचा गुण देणार नाही. दंतवैद्याकडून कवळीची उंची तपासून घ्या. पाच-सात वर्षांहून जुनी असेल तर बहुधा नवी करावी लागेल किंवा आतून अस्तर भरावं लागेल. उंची एकदम फार वाढवली तर जबडा दुखतो आणि बोलताना दात आपटतात, म्हणून ती टप्प्याटप्प्याने वाढवतात.

दुसरी गोष्ट, आई कवळी घालून झोपतात का? बऱ्याच जणी झोपतात, बिनदातांचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून. पण कवळीचं ॲक्रिलिक कॅन्डिडाला चिकटायला फार सोयीचं असतं, आणि रात्रभर कवळीखाली झाकलेलं टाळू लालबुंद होतं. ते दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. कवळी काढून वरचं टाळू बघा. कवळीच्या आकाराबरहुकूम लाल असेल तर बुरशीचं घर तिथे आहे आणि कोपरे ही त्याची ओसरी. मग नुसत्या कोपऱ्यांना मलम लावून काय होणार? टाळूवर आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही बुरशीचं औषध लागतं, आणि कवळी रोज ब्रशने घासून रात्री बाहेर, द्रावणात ठेवावी लागते. धातू नसलेल्या कवळीसाठी दंतवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात पातळ केलेलं हायपोक्लोराइट वीसेक मिनिटं चालतं, मग ती खळखळून धुवायची. धातूची पट्टी किंवा तारा असतील तर ते वापरू नका, धातू काळा पडतो. तिथे क्लोरहेक्सिडिन वापरा. उकळतं पाणी कधीच नाही, कवळी वाकडी होते.

कवळी ठीक करूनही घळ राहिली, तर त्या सुरकुतीत फिलर भरून ती उथळ करता येते. हा शेवटचा उपाय. मी तो क्वचितच सुचवतो, पण काहींना त्याने खरंच आराम पडतो.

एकमेकींना लागतं का? या चिरा सहसा तशा पसरत नाहीत. जंतू आधीच दोघींच्या तोंडात आहेत, त्रास होतो तो कोपरा कमजोर झाल्यामुळे. तुमच्या घरात दोघींना दोन वेगळ्या कारणांनी हे झालेलं असण्याची शक्यता मला जास्त दिसते. जिवाणूंची पिवळी खपली असताना मात्र रुमाल, लिप बाम, टॉवेल वेगळे ठेवा. लहान मुलांमध्ये खपली झपाट्याने गालावर पसरत असेल तर तो इम्पेटिगो, म्हणजे त्वचेचा जिवाणूंमुळे होणारा संसर्ग, असू शकतो आणि तो नक्की लागतो.

दिसायला सारखं पण वेगळं असं काही आहे, त्यासाठी एवढं लक्षात ठेवा. एकाच बाजूला, आधी टोचल्यासारखं किंवा मुंग्या आल्यासारखं वाटून मग पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका येत असेल आणि सात-दहा दिवसांत आपोआप जात असेल, तर ती हर्पिस आहे. तिला बुरशीचं मलम उपयोगाचं नाही. फोड ताजे असताना चुंबन आणि एकच भांडं टाळा. कोपऱ्यात मधोमध चीर असलेली उंचवट्यासारखी गाठ दिसली आणि अंगावर, तळहातांवर पुरळ असेल, तर सिफिलिसची रक्ततपासणी करावी लागते. आणि एकाच बाजूची, कडेने कडक लागणारी, रक्त येणारी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती कितीही लहान असली तरी डॉक्टरांना दाखवा. मग तुकडा तपासायचा की नाही ते ठरवतील.

‘कायमचं जाईल का’ याचं उत्तर कारणावर अवलंबून आहे. लोह कमी निघालं आणि ते भरलं, ओठ चाटणं थांबलं, तर तुमच्या बाबतीत ते जाईल असं मला वाटतं. घळ खोल असेल किंवा मधुमेह निघाला तर अधूनमधून एखादी चीर पडेल, आणि तेव्हा पहिल्याच लालीला मायकोनाझोल सुरू केलं तर ती फाटण्यापर्यंत जाणार नाही. सध्या रक्त द्या, दुकानातलं मलम थांबवा, रात्री पेट्रोलियम जेली लावा आणि अहवालांसोबत त्या मलमाच्या ट्यूबचा फोटोही घेऊन या. आईंना आणाल तेव्हा कवळी घालूनच आणा. बऱ्याच जणी तपासणीला येताना ती काढून डबीत ठेवतात, आणि मग ओठ मिटल्यावर कोपरा कसा दुमडतो ते बघताच येत नाही.